जिन्यातले ड्रम

४ मे २००३, रविवार
‘भाडेकरू बायाबापड्यांनो, भाडं आपण वेगवेगळं भरतो, पण जीव घेऊन पळायला जिना एकच आहे — आणि तो अडलेला आहे!’ उद्याच्या बैठकीत इथूनच सुरुवात करायची.

काल दुपारी जिन्याखालची मीटरपेटी पेटली. धूर वर चढला. सगळे खाली धावले, तर पायरीपायरीवर पाण्याचे ड्रम. मालनबाईची लेक आपटली, हनुवटी फुटली. वरच्या मजल्यावर गोजरबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना उचलून आणायला वाटच नव्हती. शेजारच्या संपतने मेन स्विच पाडून वाळू टाकली, म्हणून निभावलं.

नंतर गोजरबाई म्हणतात, “मला ड्रमात घाला न् द्या गडगडत सोडून.” सगळे हसले. मला हसू आलं नाही.

५ मे
बैठकीला घरमालक काकासाहेब आले. मी कडाडले — वायरिंग कुजलं, मागचं आवार सरकीच्या पोत्यांना भाड्यानं दिलं, म्हणून मागचं दार बंद आणि आवारातले ड्रम जिन्यात. जिना मोकळा ठेवणं मालकाचं काम आहे!

“भाषण बराबर हाय, बाई,” काकासाहेब म्हणाले. “ पन ड्रम माझे हायत का? सांगा की यांना उचलायला.”

एकेक बाई पदर सावरत उठून गेली.

८ मे
माझ्या तक्रारीवरून आज नगरपालिकेकडून तपासणीचे साहेब आले. त्याआधीच काकासाहेबांनी सगळ्या ड्रमांना लाल रंग फासला, वर पांढऱ्या अक्षरांत ‘आग’. आमचं पिण्याचं पाणी, आणि म्हणे आग विझवायची सोय!

मी झाकण काढून दाखवलं. तळाला चार बोटं पाणी. साहेब म्हणाले, “भरून ठेवत जा.” आणि गेले.

९ मे
इमारतीत कोणी बोलत नाही माझ्याशी.

१० मे
मालनबाईला जिन्यात गाठलं. पुन्हा आग लागली तर?

“लागंल तवा लागंल. नळ आठ दिसाला येऊन राह्यला. लेकरांना काय पाजू, तुमचं भाषण?” खाली उतरता उतरता वळली. “तुमचा ड्रम कुठं हाय, बाई?”

माझा न्हाणीत. खालच्या मजल्यावर पुढच्या दोन खोल्या माझ्या. त्या दिवशी सगळ्यांत आधी बाहेर पडले ती मीच.

११ मे
रात्रभर तिच्यावर चिडून होते. सकाळी राग कुठे ठेवावा कळेना.

१२ मे
पुढची खोली रिकामी केली. पुस्तकं खाटेखाली, कपाट विकायला काढलं. संपत आणि बायांनी ड्रम आत आणले. मालनबाईने भिंतीकडेची जागा पकडली, “इथं ऊन न्हाई लागत.” दुपारी गोजरबाईंना खुर्चीसकट जिन्यानं उतरवून पाहिलं. कुठे अडलं नाही. त्या वाटभर शिव्या घालत होत्या.

आज भाषण नाही. दारात उभी राहून एवढंच म्हणाले — उद्या सकाळी सगळ्याजणी काकासाहेबांच्या दुकानी चला. आवाराची किल्ली हातात आल्याशिवाय उठायचं नाही.