नुसते टोचलेले सहा

३ मार्च
आजही शून्य. अठरा फुलपाखरं बाहेर आली, अठराही जणांच्या पंखांवर जन्मजात दोन-दोनच डोळे. मी लावलेला तिसरा कुणावरच नाही.

चार वर्षं हेच करतेय. अळीने कोष केला की पहिले काही तास आतला पंख मऊ असतो. ठिपक्याच्या, म्हणजे डोळ्याच्या, मधोमध थोड्याशा पेशी असतात. त्याच आजूबाजूच्यांना सांगतात — तू काळी हो, तू पिवळी हो. त्या पेशींचा कण एका कोषातून कापायचा आणि दुसऱ्याच्या पंखात भलत्याच जागी बसवायचा. तिथे नवा डोळा उमटला तर मी खरी. दोन वर्षांपूर्वी एकदाच उमटला. त्याचा फोटो माझ्या मार्गदर्शक सरांच्या दारावर अजून आहे. त्यानंतर एक नाही!

५ मार्च
सर म्हणाले, "तेव्हा हात चालत होता तुझा." म्हणजे आता चालत नाही. अहो, तेव्हा माझा हात बसला नव्हता, एकेका कोषाशी झटता झटता संध्याकाळ व्हायची. आता दुपारच्या आत आटोपते.

अठ्ठावीसला समिती. तोवर दुसरा डोळा दाखवला नाही तर प्रबंध बंद. कोषांची एकच खेप उरलीय.

६ मार्च
आईचा फोन. "एवढ्याशा किड्यावर एक ठिपका काढायला चार वर्षं? तेवढ्यात तुझ्या भावाला दोन पोरं झाली." हसले. फोन ठेवल्यावर रडले.

९ मार्च
शेवटची खेप. पहाटे झालेले तीस कोष. चोवीस जणांत कण बसवले, दुपारी एकला मोकळी.

सहा नेहमी तुलनेसाठी त्याच जागी नुसते सुईने टोचून ठेवायचे असतात — कण न बसवता. त्यांच्यावर काही उमटायला नको, आणि आजवर उमटलंही नाही. पाच मिनिटांचं काम, म्हणून मी ते सकाळीच उरकून टाकते. आज घाईत साफ विसरले. संध्याकाळी अळ्यांना पानं घालायला प्रयोगशाळेतल्या मावशी आल्या. म्हणाल्या, "ताई, या सहांचं काही राहिलंय का?" मग टोचले, पेटीवर चिठ्ठी लावली, घरी आले.

१४ मार्च
काही होणार नाही. मला माहीत आहे.

१८ मार्च
चोवीसपैकी एकोणीस बाहेर आले. कोरे. पाच आतच मेले.

संपलं. मावशींकडे सामानासाठी खोका मागितला. त्यांनी दोन आणून दिले. टोचलेले सहा उद्या येतील. बघायचीही इच्छा नाही.

१९ मार्च
सर माझ्याआधी पोचले होते. "उमटला! एकावर नाही, चौघांवर!" समितीला फोनही करून झाला होता. मी पेटीत पाहिलं. भलत्या जागी नवा डोळा, पिवळी कड, मधे पांढरा ठिपका. पेटीवर माझंच अक्षर, सरांनी न वाचलेलं : नुसतं टोचलं, संध्याकाळी सहा.

म्हणजे उशिरा टोचलं की जखमेनेच डोळा येतो. दोन वर्षांपूर्वीचा तोही संध्याकाळचाच. माझ्या कणाने काही केलंच नव्हतं.

चिठ्ठी खिशात घालता आली असती. सरांच्या हातात दिली. चष्मा त्यांच्या कपाळावरच होता, तरी तो शोधायला त्यांनी बराच वेळ लावला.