पंख्याचा आवाज अजिबात येत नाही

१७ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तसं लिहिते. वहिनीला नमस्कार सांग.

तुझा मेसेज मिळाला. तू आपल्या बाबांना दिलास तोच फोन वहिनीच्या बाबांना वाढदिवसाला घ्यायचा आहे, तर याचे गुण-दोष नीट कळव, "तू घरातली पहिली ग्रॅज्युएट, तुला जमेल." सांगितलंही असतं, पण या फोनवरून तुला काय पोचतं आणि काय नाही, याची मला खात्री उरलेली नाही. म्हणून कागद घेतला. जे आहे तेच लिहीन.

आधी गुण. फोन देखणा आहे. शेजारच्या काकू हात पुसून मगच त्याला हात लावतात. बॅटरी एकदा भरली की संपता संपत नाही, अर्थात वापरतं कोण! पाण्याने बिघडत नाही हेही खरं. बाबांच्या तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ गळते, ती थेट काचेवर पडते. आई फडक्याने पुसते, फोन पुन्हा चकचकीत.

कॅमेऱ्याचं तर विचारूच नकोस. आपल्या मागच्या खोलीत दुपारीही दिवा लावावा लागतो, पण फोनमध्ये ती उजेडाने भरलेली दिसते. चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या आपोआप पुसल्या जातात. म्हणून तर तू म्हणालास, "बाबा मस्त टवटवीत दिसतायत की! तू उगाच घाबरवतेस. मार्चमध्ये बघू यायचं." वाकडं तोंड तुला दिसू नये म्हणून ते डावी बाजू पुढे करून बसतात, हे मात्र कॅमेऱ्यात येत नाही.

दोष म्हणशील तर वजन. उजवा हात उचलत नाही, डावा थरथरतो, त्यात मागची काच गुळगुळीत. आणि तो चेहरा ओळखून उघडतो ना? अर्धांगाच्या झटक्यानंतर दवाखान्यातून घरी आलो, बाबांनी फोन तोंडासमोर धरला, तर त्याने ओळखलंच नाही. पुन्हा धरला. तरी नाही. आई म्हणाली, "अहो, तोच मेला आंधळा झालाय." बाबा हसले, एका बाजूने. मग मी त्याला नवा चेहरा शिकवला. पटकन शिकला. हे गुणांत धर हवं तर.

आता आवाज. पुस्तिकेत सगळ्यात मोठ्या अक्षरांत त्याचीच बढाई आहे. आजूबाजूचा गोंगाट हा फोन ओळखून काढून टाकतो आणि पलीकडे फक्त स्वच्छ बोलणं पोचवतो.

वाचा-उपचाराच्या बाईंनी बाबांना सांगितलं होतं, रोज एकच वाक्य घोका, "पाणी द्या" असं सोपं काहीतरी. बाबांनी मान झटकली. उभा जन्म बस डेपोच्या माइकसमोर गेलेला माणूस. तुझं नाव 'कंडक्टर' पडलं ते तिथेच, आठवतं? त्यांच्या टेबलाखाली तू जुनी तिकिटं फाडत बसायचास, नाहीतर फलाटांवर उंडारायचास आणि घरी निघायची वेळ झाली की ते अख्ख्या डेपोला ऐकू जाईल असं माइकवरून तुला बोलवायचे. तेच वाक्य त्यांनी निवडलं. सकाळ-दुपार तेच, भिंतीकडे तोंड करून, घाम येईपर्यंत. आधी नुसती घरघर, मग एकेक शब्द सुटा होत गेला. मला कळायला लागलं, आईला कळायला लागलं, शेवटी दूधवाल्यालाही कळलं.

त्या रविवारी तुझा व्हिडिओ कॉल येणार म्हणून त्यांनी माझ्याकडून दाढी करून घेतली. तू दिसलास आणि अख्खं वाक्य म्हणाले.

तू म्हणालास, "बाबा, बोला की काहीतरी. फुगून बसलात का?"

"अरे, बोलतायत ना!" मी ओरडले.

"कुठे? तुझा शब्दन् शब्द येतोय. त्यांचे नुसते ओठ हलतायत."

त्यांनी पुन्हा म्हटलं. तू मागे वळून वहिनीला म्हणालास, "एवढा भारी फोन दिला, पण म्हातारा हूं की चूं करेल तर शपथ!" ते आमच्याकडे अगदी स्वच्छ ऐकू आलं. आवाजात खरंच खोट नाही.

दुसऱ्या दिवशी बाईंना दाखवायला मी बाबांचं वाक्य त्याच फोनवर रेकॉर्ड केलं आणि लावून बघितलं. आपला पंखा किती खडखडतो तुला माहीत आहे. पंख्याचा आवाज अजिबात येत नाही. बाबांचाही येत नाही. ओठ हलतायत आणि बाकी चिडीचूप. बाबा माझ्या खांद्यावरून बघत होते. आपल्या तोंडून आवाज फुटतच नव्हता, असंच त्यांना वाटलं.

मी समजावलं, "बाबा, फोनला तुमचा आवाज पंख्यासारखा वाटतो, एवढंच." बोलून गेल्यावर मला कळलं मी काय बोलले ते. सेटिंग बंद केली, पुन्हा म्हणा म्हटलं. त्यांनी फोन माझ्याकडे सरकवला. तेव्हापासून ते वाक्य नाही, कुठलंच नाही. पाणी हवं असलं की पेल्याकडे बोट करतात. बाई म्हणतात, आता सराव थांबला तर बोलणं परत येणं अवघड.

काल तुझा कॉल मी ती सेटिंग बंद ठेवूनच घेतला. तू म्हणालास, "केवढा गोंगाट आहे तिकडे! ते आवाज साफ करायचं चालू कर ना, कशाला दिलाय असला फोन?"

तर माझं मत. वहिनीच्या बाबांसाठी जरूर घे. त्यांची जीभ शाबूत आहे. त्यांचं सगळं तुला ऐकू येईल.

आणि आपल्या बाबांचं वाक्य, जे तुला पोचलं नाही, ते इथे लिहिते:

"कंडक्टर, गाडी फलाटावर लागली आहे. असाल तिथून ताबडतोब यावे."

डेपोत ते कुठलीही सूचना दोनदाच द्यायचे. तुलाही दोनदा दिली. तिसऱ्यांदा द्यायची त्यांना सवय नाही.

दोन्ही वेळा ऐकलेली,
तुझी धाकटी बहीण