कुठं लागलंय ते दाखवायचं नाही

सर, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज रविवारच्या दुपारी मला तुमच्याशी भांडायचं आहे. ऐकून घ्यायला तुम्ही नाही, हे एका परीनं बरंच. असता तर आधी मैदानाला चकरा मारायला लावल्या असत्या.

वसमतचं आपल्या शाळेमागचं ते मैदान. सकाळी आम्ही मुली खडे वेचायचो, तुम्ही फक्कीनं रेषा आखायचात, आणि शेजारच्या शेतात हळद शिजत असली की दिवसभर कपड्यांना तोच वास. तालुक्याच्या कबड्डी सामन्यात माझा घोटा मुरगळला, तो दिवस तुमच्या लक्षात असणार. मी डाव्या कोपऱ्यात उभी आहे, पाय टेकवत नाही, आणि समोरची उंच पोरगी चढाईच्या तयारीत आहे. तुम्ही खेळ थांबवायला लावलात आणि जवळ येऊन हळूच म्हणालात, "पोरी, लंगडू नको. चेहरा सरळ ठेव. कुठं लागलं ते तिला कळलं, की ती तिथंच येनार बघ." मी चेहरा सरळ ठेवला. ती दुसऱ्या कोपऱ्याकडे वळली आणि आम्ही तिला धरली. सामना जिंकलो. संध्याकाळी तुमच्या घरी काकूंनी घोट्याला हळद-तुरटीचा गरम लेप लावला, तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता रड की. आता कोन बघून राहिलं?" मला रडू आलं नाही. उलट स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

तुमची पहिली गोष्ट मी घट्ट धरली सर, दुसरी तिथंच राहिली. लग्नानंतर जाऊबाई टोचून बोलल्या, चेहरा सरळ. बदलीच्या गावी करमेना, चेहरा सरळ. नवरा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर नोकरीला, मी शाळेत शिक्षिका. माणूस मऊ आहे. पाचव्या महिन्यात आमचं लेकरू पोटातच गेलं, तेव्हा हे दवाखान्याच्या बाकड्यावर दस्ती तोंडावर धरून रडत होते. मी त्यांना म्हटलं, "उठा, चहा घ्या." पुढच्या आठवड्यात मी वर्गात पाढे म्हणून घेत होते. सगळ्यांनी किती वाखाणलं मला! त्यानंतर पुन्हा पाळणा हलला नाही, आणि आमच्यात त्यावर कधी एक शब्दही झाला नाही.

या उन्हाळ्यात त्यांची नाशिकला बदली झाली. धडपड केली असती तर थांबलीही असती. निघताना बॅग हातात घेऊन दारात म्हणाले, "जाऊ ना मग?" मी म्हटलं, "जावा की. मला काय होऊन राहिलं?" मग ते चप्पल घालत बसले. साधी चप्पल, तिला ना पट्टा ना बंद, पण माणूस किती वेळ घालत होता. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावत राहिले.

तेव्हापासून एकटीसाठी तवा तापवायचा कंटाळा येतो. टीव्ही बघत नाही, पण बंदही करत नाही. घरात कुणीतरी बोलत असावं, एवढंच. आज सकाळी त्यांचा फोन आला. "इकडंच घर बघावं म्हनतो. कायमचंच. तुला तसाबी काय फरक पडतो? लेकरू गेलं तवाबी मी एकटाच रडलो." मी म्हटलं, "बघा तुमचं," आणि फोन ठेवला.

एकटाच, म्हणे. मी न्हाणीघरात नळ सोडून रडायचे, ते त्यांना ऐकू जाऊ नये म्हणूनच. ते काही चढाईला आलेले नव्हते सर. ते माझ्याच बाजूचे होते, साखळीत माझा हात धरून उभे. त्यांच्यापासून मी काय वाचवत होते? आता ते कायमचे गेले तर या घरात मी आणि तो टीव्ही. मला ते हवे आहेत. बोलायला हवे आहेत, नुसते खुर्चीत पेपर वाचत बसायलाही हवे आहेत.

इथवर लिहून मी फोन लावला. सगळं नीट जुळवून ठेवलं होतं, पण तोंडातून एवढंच निघालं, "मला इथं एकटीला राहवत न्हाई." पलीकडून ते घाबरून म्हणाले, "काय झालं? ताप आला का? दवाखान्यात गेलीस का?"

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या तोंडून असं काही निघालं, तर ते तापातच निघालं असणार, दुसरं काय वाटणार त्यांना? मला हसू आलं, आणि हसता हसता रडू. ते त्यांना ऐकू गेलं. "आताच निघतो," म्हणाले, "सकाळी पोचतो. झोपून राहा."

हे पत्र पाठवायचं तरी कुठं, सर. कुणाला सांगू नका, पण ताप वगैरे काही नाही मला. सकाळी ते येतील, कपाळाला हात लावतील, आणि कपाळ गार लागेल.