काढता येणाऱ्या जाळ्या

३ जून १९९७

रेइनोला डासांच्या जाळ्या हव्यात. ट्रकवर बसवलेल्या झोपायच्या खोलीला, कॅम्परला — तीन खिडक्या आणि मागचं दार. आणि त्या काढता आल्या पाहिजेत!

"खिळे मारून कायमच्या बसवते," मी म्हटलं. "तासाभराचं काम."

"नको. पहाटे कुसी तळं बघायचंय मला. जाळीतून नाही."

डॉक्टरांनी मागच्या आठवड्यात सांगितलं — रेइनोचा कॅन्सर यकृतात पोचलाय, आता औषधं नकोत. पंधरा दिवस, फार तर महिना. मी पर्स उचलली. गाडीत बसल्यावर रेइनो म्हणतो, "म्हणजे सुट्टी लागली, बाई!" लग्नाला त्रेचाळीस वर्षं झाली, अजून बाईच म्हणतो. शाळेतल्या पोरांसारखा.

४ जून

मापं घेतली. एकही खिडकी काटकोनात नाही. कॅम्पर त्यानेच बांधलाय. तसं सुनावलं, तर त्याने छडी खायला हात पुढे केला.

केवढा बारीक झालाय हात.

७ जून

कडांना कापडी पट्टी, पट्टीत चपटे लोहचुंबक. शिवणयंत्र त्याच्या खाटेजवळ ओढून घेतलंय.

मुलीचा, मार्यात्ताचा फोन. "आई, या अवस्थेत जंगलात? डास फाडून खातील बाबांना!" म्हणूनच शिवतेय, म्हटलं. फोन ठेवला.

तिचं खोटं नाही. तळ्यावर गेलो की सगळे डास रेइनोवर. माझ्याकडे एकही फिरकत नाही. "तुला भितात," तो म्हणतो. "त्यांनाही ठाऊक आहे, बाई वर्गात आहेत."

१० जून

मूर्खपणा! चौकटी ॲल्युमिनियमच्या. चुंबक चिकटतीलच कसे? चारही जाळ्या एकामागून एक खाली. आणि मी एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं!

आत येऊन सांगितलं, तर हा हसतोय.

"तुला ठाऊक होतं?"

"चौकटी मीच कापल्यात."

"मग बोलला का नाहीस? तीन दिवस फुकट गेले!"

"तीन दिवस माझ्याजवळ बसलीस, बाई. इतकी सलग कधी बसली होतीस?"

स्वयंपाकघरात गेले. नळ सोडून उभी राहिले.

११ जून

सगळं उसवलं. त्याच्याजवळ बसून. सावकाश.

१४ जून

चुंबकांऐवजी वेल्क्रो. एक पट्टी चौकटीला, दुसरी जाळीला. त्याच्या उशाकडच्या जाळीला कोपऱ्यात लाल नाडी शिवली — ओढली की जाळी सुटते, बोटांत जोर नसला तरी. त्याने पडल्या पडल्या तीनदा सोडून दाखवली.

"पास?"

"पास," म्हटलं.

१६ जून

थंडर बेच्या घरापासून तळ्यापर्यंत तीन तास. गाडी मी चालवली. वाटेत त्याला दोनदा उलटी. पोचल्यावर वेलचीचा गोड पाव कॉफीत बुडवून दोन घास खाल्ले. माझ्यासाठी, बहुतेक.

जाळीबाहेर डासांचा नुसता कल्लोळ — आत एकही नाही! "शंभरपैकी शंभर, बाई," म्हणाला. पहाटे उठव म्हणाला.

उठवीन.

१७ जून

डास चावल्याने जाग आली. उजाडलं होतं. त्याच्या उशाची जाळी निघालेली, लाल नाडी मुठीत. समोर तळं.

माझी मान, मनगटं, कपाळ — सगळे माझ्यावर. त्याचा हात खिडकीत उघडा होता. त्यावर एकही नव्हता.