कॉफीची दहा ठिकाणं

४ मे २००३, रविवार
मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेसाठी लेख मागवलेत. विषय पक्का : दिल्लीत जाण्याजोगी कॉफीची दहा ठिकाणं. अख्ख्या मयूर विहारात माझ्याइतकं कॉफीतलं कुणाला कळत नाही. विजयालक्ष्मी कुठेतरी कॉफीला चला म्हणत होती. बायकोबरोबर संशोधन होत नाही. नाही म्हटलं.

११ मे
त्रेचाळीस डिग्री. पुढच्या आठवड्यात नक्की.

१७ मे, शनिवार
साउथ एक्समधलं नवं दुकान. एस्प्रेसो मागवली. भातुकलीतला कप आला. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, सर, पहली बार? बरसों से पी रहा हूँ, म्हणालो. चार पुड्या साखर घातली. नोंद : 'धीट चव.' एक झालं, नऊ राहिली.

८ जून
विजयालक्ष्मी हल्ली दर शनिवारी मैत्रिणीकडे, वृंदाकडे, भजनाला जाते. छान. घरात शांतता. प्रस्तावनेची चार पानं झाली.

२९ जून
संपादक विश्वासरावांचा फोन. लेखाचं काय? शेवटचा हात फिरवतोय म्हटलं. उरलेली ठिकाणं ऑफिसातल्या अनुरागला विचारून लिहून टाकली. तरुण पोरगा, सगळीकडे जातो. लेख उद्या पोस्टात.

१२ जुलै, शनिवार
तरी एकदा प्रत्यक्ष पाहणी हवी म्हणून गुडगावच्या मॉलमध्ये गेलो. कोपऱ्यातल्या टेबलाशी विजयालक्ष्मी आणि वृंदा! भजन! वेटर हसून विचारतोय, मॅडम, वही वाली? म्हणजे नेहमीचीच कॉफी! तिच्यासमोर वही, हातात पेन. मी खांबाआडून परतलो. वीस वर्षांचा संसार.

१३ जुलै
जाब विचारला. लाजली नाही. चौदा ठिकाणं पाहून झाली, लेख विश्वासरावांकडे गेलासुद्धा, म्हणाली. भजन का सांगितलंस? तर म्हणे, तीनदा विचारलं, चला माझ्याबरोबर. तिसऱ्यांदा तुम्ही पेपर खाली न करता म्हणालात, बायकांना कॉफीतलं काय कळतं. मग विचारणं सोडलं.
असं म्हणालो असेन, पण सर्वसाधारण अर्थाने. तिला उद्देशून नाही.

३१ ऑगस्ट, गणेश चतुर्थी
स्मरणिका आली. पहिलाच लेख तिचा. माझा नाही. विश्वासराव हळूच म्हणाले, तुमच्या यादीतली दोन दुकानं बंद झालीत आणि एक चपलांचं आहे. अनुरागनेही दगा दिला.
तरी मन मोठं केलं. घरी येताना तिला म्हटलं, येत्या शनिवारी मीही येतो, मार्गदर्शन करीन.
ती खरंच हळहळली. म्हणाली, आधी सांगायचं ना हो. लेख वाचून मंडळातल्या तिघी येतायत, वृंदाच्या गाडीत आता जागा नाही.