डोडोला बदक म्हणतात

प्रिय मामा,

तुम्हाला आणि मामींना नमस्कार. इकडे मी सोडून सगळे ठीक आहेत. तुमची कंबर कशी आहे? बराच वेळ उभं राहवतं का? (सहज विचारतो.)

संग्रहालयात पेंढा भरून पक्षी उभे करायचं माझं काम तुम्हाला ठाऊक आहेच. सध्या डोडो करतोय. उडता न येणारा, कधीच नामशेष झालेला. त्याची पिसं मिळत नाहीत, म्हणून हंसाची लावली. तो उभा कसा राहायचा, हे पाहिलेला माणूसही उरलेला नाही.

नाव मात्र भलतंच जिवंत आहे. आमचे नवे साहेब पन्नाशीपुढच्या प्रत्येकाला डोडो म्हणतात. कॅशियर लिफ्टला म्हणतो. बायको माझ्या स्कूटरला म्हणते (आणि स्कूटर सुरू झालीच, तर मला). आणि मी महिनोन्‌महिने राबून जो खरा डोडो उभा केला, त्याच्यासमोर थांबून परवा एक बाई नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, केवढं हे बदक." साहेब शेजारीच होते. उद्घाटनापर्यंत या बदकाचा डोडो झाला नाही, तर माझी खोली बंद आणि मी तिकीट खिडकीवर, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. (ते ओरडले असते तर मी निश्चिंत झोपलो असतो.)

लोकांना वाटतं डोडो मूर्ख होता. मामा, तो मूर्ख नव्हता. त्याच्या बेटावर त्याच्या वाटेला कधी कोणी गेलंच नव्हतं. जहाजातून माणसं उतरली तेव्हा तो पळाला नाही, पुढे आला, चौकशी केल्यासारखा. माणसांच्या हातात काठ्या होत्या. माझं चुकलं ते इथेच. मी त्याला दचकलेला केला, मान आखडलेली, एक पाय मागे. तो हवा पोट पुढे, मान जराशी कललेली, आणि चेहऱ्यावर "या, कुठून आलात?"

तुमचा भाचा

ता. क. : असं उभं राहणारं दुसरं कोणी माझ्या माहितीत नाही. येत्या रविवारी तासभर माझ्या खोलीत येऊन उभे राहाल का? राग मानू नका. वरचा परिच्छेद पुन्हा वाचा.

आणखी एक : मामींना आत्ताच फोन केला. त्या बराच वेळ हसल्या. म्हणाल्या, "त्यांना मुद्दाम उभं केलंस तर ते लग्नातल्या फोटोसारखे ताठ होतील. त्यापेक्षा दारात कोणीतरी अनोळखी पाठव." तेव्हा येऊ नका. रविवारी एक गृहस्थ तुमची बेल वाजवतील. नेहमीसारखे पुढे या. त्यांच्या हातात काठी नाही, कॅमेरा आहे.