ड्रममधली गाजरं कुठे गेली

अहो,

भाज्या थंड राहाव्यात म्हणून तुम्ही परसात जुना ड्रम पुरलात, त्यात ओल्या वाळूत ठेवलेली गाजरं रोज कमी होतायत. आधी मला घुशीचा संशय आला. पण घूस काही वरची फळी पुन्हा जागेवर ठेवून त्यावर पेंढा पसरत नाही. मग मी शेजारणीवर नजर ठेवली. काल तर तिला तोंडावर चोर म्हणाले.

तुम्ही मात्र म्हणालात, "जाऊ दे गं, चार गाजरांनी काय होतंय!" एक कांदा नासला तरी घर डोक्यावर घेणारा माणूस इतका शांत? तिथेच मनात पाल चुकचुकली.

आज तुमच्या सायकलच्या पिशवीत ड्रममधली ओली वाळू सापडली आणि इवलासा लोकरी मोजा. वीण मीच आपल्या थोरल्या लेकीला शिकवलेली.

तिचं नाव या घरात काढायचं नाही, असं तुम्हीच बजावलंत. दोन वर्षं मी मुकाट ऐकलं. आणि मी आजी झाले, ते मला मोज्यावरून कळावं?

तिच्या मैत्रिणीकडून पत्ता घेतलाय. तिच्याकडेच चाललेय.

शेजारणीची माफी मागायला तुम्ही जा. गाजरं कुणाला दिलीत, ते लेकीचं नाव घेऊन सांगा. मगच मी परत येईन.